आईचे चारशे बारा शब्द

माझ्या सख्ख्या आईनं मला वीसपैकी तीन गुण दिले होते, आणि वर ते भर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवले होते. ती आमच्याच शाळेत दहावीला भाषा शिकवायची. अभ्यासाला एक सहाशे पानांची जुनी कादंबरी होती आणि त्या कादंबरीतल्या एकाही माणसाला सरळ बोलता यायचं नाही. आपण झोपतो, ते निद्राधीन व्हायचे. आपण चालतो, ते मार्गक्रमण करायचे. आपण गोंधळलो तर गोंधळतो, त्यांना मात्र किंकर्तव्यमूढ व्हावं लागायचं. आईनं त्यातले चारशे बारा अवघड शब्द निवडून एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत अर्थांसकट उतरवून ठेवले होते, आणि दर शनिवारी त्यातल्या वीस शब्दांची परीक्षा असायची.

दादा माझ्या दोन वर्षं पुढे. त्याला वर्षभर वीसपैकी वीस. मला तीन. घरी येऊन मी रडून गोंधळ घातला, तेव्हा आई शांतपणे म्हणाली की मुलगी म्हणून तीनाचे चार करता आले असते, पण मग बाकीच्या पोरांना तिनं काय तोंड दाखवलं असतं? त्या दिवशी मी कानाला खडा लावला. पुन्हा त्या कादंबरीला हात लावणार नाही. दहावी काठावर सुटले आणि शिवणाच्या क्लासला नाव घातलं.

आता मी एक्कावन्न वर्षांची आहे. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्या पोटांसाठी कमरा सैल करायच्या. नवीन कपडे मी शिवत नाही. लोकांनी हौसेनं घेतलेले चुकीच्या मापाचे कपडे त्यांच्या अंगावर नीट बसवून देते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. लग्नही करून पाहिलं होतं, पण ते काही केल्या बसेना, म्हणून सोडून दिलं.

तीन महिन्यांपूर्वी आईला झटका आला. ती तीन गल्ल्या पलीकडे एकटी राहत होती. जीव वाचला, पायही हळूहळू सावरले, पण उजवा हात कामातून गेला आणि वाचा गेली. जिनं एकतीस वर्षं अख्ख्या वर्गाला बोलू दिलं नाही, तिचीच वाचा गेली. इस्पितळातून मी तिला माझ्याकडे आणलं. दादा पुलांचा इंजिनिअर, पाच तासांच्या अंतरावर राहतो. तो येऊन गेला, औषधं भरून गेला, रडूनही गेला.

सुरुवातीला आई नुसते ओठ हलवायची. 'हो' म्हणायचं असलं की 'नाही' निघायचं आणि 'नाही'च्या जागी 'हो'. कधीकधी बरोबरही निघायचं, त्यामुळे भरवसा कशाचाच नव्हता. मग एका दुपारी मी एका जीन्सची चेन उसवत बसले होते, आणि मागच्या खोलीतून खणखणीत आवाज आला.

"वातायन."

मी हातातलं टाकून धावले. उशी दिली, तर मान हलवली. पाणी दिलं, तर भांडं ढकललं. चपला, चष्मा, पांघरूण, एक एक वस्तू तिच्यापुढे नाचवली. प्रत्येक वेळी ती तोच शब्द जास्त सावकाश आणि जास्त ठासून म्हणत होती, अगदी मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसा. शेवटी तिनं हात टेकले आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळी मी तिच्या घरून आणलेल्या सामानातून ती पुठ्ठ्याची वही शोधून काढली. वातायन म्हणजे खिडकी. मी जाऊन खिडकी उघडली. वारा आत आला. आईनं एक मोठा श्वास घेतला आणि घंटा झाल्यावर वर्गात येणाऱ्या मुलींकडे बघायची तसं माझ्याकडे बघितलं.

वाचा शिकवायला दर गुरुवारी एक बाई येत. त्या म्हणाल्या, असं होतं. रोजचे साधे शब्द हरवतात, पण जे वर्षानुवर्षं घोकलेलं असतं ते डोक्याच्या वेगळ्या खणात राहतं. कुणाची गाणी शाबूत राहतात, कुणाचे पाढे, कुणाच्या शिव्या. माझ्या आईच्या खणात चारशे बारा शब्द राहिले होते. बाईंनी तिला पाण्याच्या पेल्याचं चित्र असलेलं कार्ड दाखवलं. आईचे ओठ वाकडे झाले, कपाळावर शीर उठली, आणि बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तृषा." मला हसू फुटलं. आईला नाही फुटलं. तिनं डाव्या हातानं ते कार्ड भिरकावून दिलं. बाई म्हणाल्या की साधे शब्द परत येतील, नक्की येतील, पण त्यासाठी रोज दोन तास सराव हवा, आणि त्यांना तर आठवड्यातून एकदाच यायला जमतं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या शहरात त्यानं एक जागा शोधली होती. उपचार, सराव, बाग, नर्स, सगळं एका छताखाली, आणि पुढच्या एक तारखेला तिथे एक खोली रिकामी होणार होती. तिला तिथेच ठेवू, तो म्हणाला, तुलाही मोकळं होता येईल. मी कुठे बांधलेली होते? मी म्हटलं, आईला विचार. तो म्हणाला, "काय विचारू? तिला हो-नाही कळत नाही. ती पुस्तकातलं काहीतरी बरळत असते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ती बरळत नाही, ती जे म्हणते ते तिला नेमकं कळतं. त्यावर दादानं अगदी साधा प्रश्न विचारला, की मग तुला तरी ते कळतं का? मी म्हटलं, महिनाअखेरच्या रविवारी ये, कुठे राहायचं ते ती स्वतः सांगेल आणि मी तुला त्याचा अर्थ सांगेन. फोन ठेवला आणि मगच मी काय बोलून बसले ते माझ्या ध्यानात आलं. हातात चार आठवडे आणि चारशे बारा शब्द. आई माझ्याकडे राहायला हवी होती. दुसरं काहीही मला नको होतं.

पाठांतराचं आणि माझ्या डोक्याचं जुनं वैर. पण माझ्याकडे एक पद्धत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कपड्यावर मी मापाची चिठ्ठी टाचून ठेवते: लांबी दोन बोटं कमी, कंबर एक बोट सैल. त्या चिठ्ठीच्या मागे मी एक एक शब्द लिहायला लागले. एका पँटला एक शब्द. दोन्ही पायांची टीप मारून होईपर्यंत तो शब्द पुटपुटायचा, आणि इस्त्री होईस्तोवर तो माझा व्हायचा. लोकरीच्या जाड कोटावर मी अवघड शब्द लावायचे, कारण वेळ जास्त मिळायचा. रुमालाच्या कडेवर सोपे.

पद्धत उत्तम होती, फक्त चिठ्ठ्या काढायचं माझ्या लक्षात राहायचं नाही. गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ पँट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत आले. पँटीच्या बरोबर बैठकीवर 'किंकर्तव्यमूढ' टाचलेलं होतं. त्यांच्या बायकोनं शब्दकोश काढून अर्थ बघितला होता आणि जेवण होईपर्यंत ती हसत होती. दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर 'नृशंस' गेलं. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा मी म्हटलं, शिलाईतला शब्द आहे, आतल्या पट्टीला म्हणतात. क्रूर म्हणजे नृशंस हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? माझी एक दाढ अजून त्यांच्याकडूनच काढून घ्यायची होती.

शनिवारी परीक्षा. ती आईनंच सुरू केली. वही मांडीवर उघडायची, एका शब्दावर बोट ठेवायची आणि पलीकडचा अर्थ तळव्यानं झाकायची. मी उत्तर द्यायचं, तिनं डाव्या हातानं वाकडीतिकडी खूण करायची. पहिल्या शनिवारी वीस शब्द झाले आणि मी खुणा मोजल्या. तीन. मी वर बघितलं तर आई हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती, त्यामुळे मला रागावताही येईना. पुढच्या शनिवारी अकरा झाले, त्याच्या पुढच्या शनिवारी सतरा.

आणि मग आम्ही बोलायला लागलो. खरं सांगायचं तर भांडायला लागलो. सूपाचा पहिला घोट घेऊन ती म्हणायची, "लवण." मी म्हणायचे, मीठ बेतानंच, रक्तदाब. हा शब्द कादंबरीत नसल्यामुळे ती तो मान्य करायची नाही. ती म्हणायची, "कार्पण्य." मी म्हणायचे, कंजूषपणा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणायची, "वितंडवाद." मी म्हणायचे, तुझाच दुराग्रह. एकदा ती मागून ओरडली, "मार्जार, मार्जार!" आणि मी धावले तर शेजारचं मांजर एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर अंग चाटत बसलं होतं. ती ओरडली नसती तर तो कोट मला विकत घ्यावा लागला असता. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी इतकं कधी बोललो नव्हतो. शाळेत ती बाई होती, घरी थकलेली होती, आणि पुढे मी रुसलेली होते.

मला ते आवडायला लागलं. जरा जास्तच. शेजारपाजारची माणसं यायची, आई काहीतरी म्हणायची, सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी अर्थ सांगायचे. माझ्यावाचून तिचं पान हलत नव्हतं. वाचा शिकवणाऱ्या बाई एका गुरुवारी म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे शब्द शिकलात, फार चांगलं केलंत. पण उद्या त्यांनी बाहेर कुठे तृषा म्हटलं, तर पाणी कोण देईल?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

 त्या गेल्यावर आईनं पेल्याचं कार्ड मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत ओठ हलवत राहिली. प वर ओठ मिटायचे, उघडायचे, आणि नुसती हवा बाहेर यायची. पुन्हा मिटायचे. मला ते दाराच्या फटीतून दिसत होतं. मी मशीन सुरू केलं, म्हणजे ऐकू तरी येणार नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी दादा आणि वहिनी आले. दादा आत येऊन थेट आईसमोर बसला आणि मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, "आई, कशी आहेस?" म्हणाला. आईनं त्याच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "उपानह."

दादाचा चेहरा उजळला. हा शब्द होता, तो म्हणाला, डाव्या पानावर होता, वरून तिसरा. पान आठवलं, जागा आठवली, आईनं त्याखाली ओढलेली रेघसुद्धा आठवली. अर्थ तेवढा आठवेना.

"बूट काढ," मी म्हटलं.

त्यानं खाली बघितलं. धुळीचे बूट घालून तो आईच्या सतरंजीवर बसला होता. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. दादानं बूट बाहेर ठेवले आणि मग त्यानं आमची उलटतपासणीच घेतली. मला स्वयंपाकघरात पाठवून त्यानं आईला खोलीतल्या वस्तू दाखवल्या, तिचे शब्द कागदावर लिहून घेतले, आणि बाहेर आल्यावर मला एक एक विचारला. पर्यंक म्हणजे पलंग. आदर्श म्हणजे आरसा. प्रावरण म्हणजे शाल. एकही चुकला नाही. दादानं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "म्हणजे हिला सगळं कळतंय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. मागच्या वेळी आला होता तेव्हा तिच्या देखत तो तिच्याबद्दल काय काय बोलला होता, ते त्याला आठवत असणार.

मग त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि या वेळी हळू आवाजात, नीट विचारलं. त्यानं जागेबद्दल सगळं सांगितलं, रोजचा दोन तासांचा सराव, शिकवणाऱ्या बायका, बागेकडची खोली. माझ्याबद्दलही चांगलं बोलला, ते त्याचं कौतुक. "आई, तू ठरव. इथे की तिथे?"

मला काळजीच नव्हती. मी तर तिचा शब्दही मनात धरून ठेवला होता. दोनशे सहावा, स्वगृह. ती तो म्हणणार, मी अर्थ सांगणार, दादा मान खाली घालणार, आणि सगळ्यांसाठी मी चहा टाकणार. दूधही जास्तीचं घेऊन ठेवलं होतं.

 आई दादाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "निष्क्रमण."

तो दोनशे सहावा नव्हता.

"हाही होता," दादा म्हणाला. "काय बरं त्याचं... थांब, सांगू नको. राहणं की जाणं? अगं, सांगच बाई."

किती सोपं होतं. राहणं म्हणून मोकळं व्हायचं. वहिनींना येत नव्हतं, दादाला आठवत नव्हतं, आणि आईला 'हो'-'नाही' धड जमत नव्हतं. तिनं कितीही मान हलवली असती तरी मी म्हटलं असतं, बघा, हिचं हे असंच होतं. खोलीत चार माणसं होती आणि तो शब्द फक्त दोघींना येत होता. मी आईकडे बघितलं. ती परीक्षा घेत नव्हती. भीत होती. सत्त्याहत्तर वर्षांची ती बाई मला भीत होती, कारण तिला बोलायला दुसरं तोंडच नव्हतं. माझं होतं, तेवढंच.

"घराबाहेर पडणं," मी म्हणाले. "तिला जायचंय. तिकडे."

 मला फार वाईट वाटलं, लग्न मोडलं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. महिनाभर घोकलं ते काय याच्यासाठी, असं मनात आलं, आणि लगेच आईचाही राग आला, की इतकं सगळं करून हिला इथे राहावंसं वाटलं नाही. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून हळूहळू एक तारखेचं, सामानाचं, गाडीचं बोलायला लागला. मी डोळे पुसत चहाला उठले.

आईनं डावा हात खुर्चीवर दाणकन आपटला. तिचं बोलणं संपलेलं नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि एक एक अक्षर सुटं करत म्हणाली, "प्रत्यागमन."

मला तो येत होता. एका फाटक्या शाळेच्या दप्तराचा बंद शिवताना पाठ केला होता. पण माझं डोळे पुसणंच अजून चाललं होतं.

"हा मला येतो," दादा म्हणाला. तो माझ्याकडे वळला. "परत येणं."

मी आईसमोर गुडघ्यांवर बसले आणि तिचा निकामी हात हातात घेतला. "कधी?" मी विचारलं.

तिनं शब्द शोधायला सुरुवात केली. ओठ वाकडे झाले, कपाळावर शीर उठली, आणि नुसती हवा बाहेर आली. महिने, दिवस, आकडे, असलं काही त्या वहीत नव्हतंच. ते शिकायलाच तर ती चालली होती.